वाघमारेमावशींचा कोल्हा

माझी आणि वाघमारेमावशींची ओळख कचऱ्यावरून झाली. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठीच्या पुढची, ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई उभी होती. एका हातात मी आदल्या दिवशी टाकलेली पिशवी, दुसऱ्या हातात मल्टिमीटर.

"हे सेल तू फेकलेस?"

मी हो म्हटलं.

"काऊन गं? यातले निम्मे जिवंत आहेत." त्यांनी तिथंच उंबऱ्यावर एका सेलला मीटरच्या सुया लावल्या आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघ. जिवंत माणूस टाकतेस का कधी कचऱ्यात?"

मग न विचारता आत येऊन बसल्या आणि पाणी मागितलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, गोराईच्या खारफुटीत कोल्हे आहेत, वनखात्याची परवानगी काढून त्यांच्यासाठी तिथे कॅमेरे लावले आहेत, समोरून काही हललं की ते आपोआप चित्रण करतात, सेल थोडे उतरले तरी बंद पडतात, म्हणून मी सगळे एकदम बदलते, असं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सारखी तू तिथं जातेस, चिखल तुडवतेस, आणि तुझ्या वासानं कोल्हा पळतो. मग फोटो कोणाचे निघतात? तुझेच ना?"

ते खरं होतं. कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त वेळा मीच दिसत होते.

मावशी मूळच्या अकोल्याकडच्या. लग्नानंतर मुंबईत आल्या, डिप्लोमा करून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि नोकरीची बहुतेक वर्षं तिथल्या बॅटरी रूममध्ये काढली. शहराची वीज गेली तरी फोन चालू राहतात, ते त्या खोलीतल्या कमरेएवढ्या बॅटऱ्यांच्या जिवावर. सुरुवातीला वरिष्ठ म्हणाले होते, बाईमाणसाला तिथे नको, ॲसिडनं साड्या जळतील. दुसऱ्या दिवशी मावशी नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून हजर. हा शर्ट त्यांनी पुढेही सोडला नाही. नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, पण काही जोडायला बसल्या की तो निळा, बाह्यांना भोकं पडलेला शर्ट अंगावर यायचाच.

मीटर पर्समध्ये असायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल घ्यायला गेल्या तरी दुकानदारासमोर तपासून घ्यायच्या. पण तो मीटर नुसत्या विजेपुरता नव्हता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी तावातावानं म्हणालं, "वरच्या मजल्यावरचे लोकच पाणी जास्त वापरतात," की मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "मीटर लावलात का?" एकदा मी रडवेली होऊन सांगत होते, की कॉलेजातल्या एका बाईंना मी डोळ्यांसमोर नको असते. मावशींनी विचारलं, "मीटर लावलास? नाही ना? मग गप चहा पी."

त्या पहिल्या रविवारनंतर पंधरा दिवसांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा पहिला डबा तयार झाला. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात यूपीएसमध्ये असते तशी छोटी बॅटरी, आणि ती जास्त भरू नये, फार रिकामीही होऊ नये म्हणून पहारा करणारं एक सर्किट. वर बसवायला पाटीएवढं सोलर पॅनल. डब्यातून निघणारी वायर थेट कॅमेऱ्यात. "वायरीला पोट ठेवायचं," त्या वायर खाली झोळीसारखी सोडून दाखवत म्हणाल्या. "पाणी पोटावरून गळून जातं. ताठ वायर पाणी थेट डोक्यात नेते. माणसांचंही तसंच."

डबा आम्ही गोराईला फिलोमिनाच्या शेतात लावला. फिलोमिना ही तिथलीच, गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. खाडीच्या कडेला भाजीचा मळा, दहाबारा कोंबड्या, एक म्हातारा कुत्रा आणि मोठं तोंड. तिच्या बांधापाशी खारफुटी संपते आणि ऊन सुरू होतं, म्हणून जागा उत्तम होती. बोटीतून उतरून मावशी मळ्यात पोचल्या तेव्हा तिनं नाव विचारलं आणि पोट धरून हसली. "नाव वाघमारे, आनि कोल्ह्याला वाचवायला आल्या!"

"सासरचं आहे," मावशी म्हणाल्या. "माहेरचं इंगळे, इंगळीवरून. विंचू चालेल का?"

पहिला डबा महिन्याभरात बंद पडला. उघडला तर आत घाम सुटल्यासारखं पाणी आणि तांब्याच्या टोकांवर हिरवं मीठ. मावशी बांधावर बसून बराच वेळ ते पाहत राहिल्या. "माझ्या बॅटरी रूममध्ये समुद्र नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "मी विसरले." घरी येऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक टोकाला व्हॅसलिनचा लेप, डब्याच्या तळाला हवा जायला बारीक भोकं, त्यांवर मुंग्या शिरू नयेत म्हणून जाळी. तो चालला, तर बगळ्यांनी पॅनलवर बसून ते पांढरं करून ठेवलं. मी टोकदार तारा लावायचं सुचवलं. मावशींनी पॅनलच्या बाजूला त्याहून उंच असा एक बांबू रोवला. दुसऱ्या खेपेला बगळा बांबूच्या टोकावर बसलेला होता आणि पॅनल स्वच्छ.

त्यांच्या हातांना कंप सुटलाय, हे मला तेव्हाच कळलं. बारीक वायर सोल्डर करताना टोक हुकायचं. दोनतीनदा हुकल्यावर त्यांनी सोल्डरिंग गन माझ्या हातात दिली. डॉक्टरांकडे त्या आधीच जाऊन आल्या होत्या. पार्किन्सन्स. मला सांगितलं नव्हतं. "सांगून काय, तू मीटर लावणार होतीस?" मी गन टेबलावर ठेवून डोळे पुसले. "रडू नको, पोरी. तार तापव आधी. सोल्डर तापवू नकोस, ते आपलं आपण धावत येतं." त्या दिवसापासून हात माझे आणि डोळे त्यांचे, असं आमचं काम सुरू झालं. मी जोडलेला प्रत्येक सांधा त्या चष्मा कपाळावर चढवून, अगदी नाकाजवळ नेऊन बघायच्या. वाईट असला तर "हं" म्हणायच्या. चांगला असला तर काहीच नाही.

कॅमेरा नीट चालू लागला आणि फिलोमिनाच्या कोंबड्या जाऊ लागल्या.

आधी एक गेली, मग दुसरी. आम्ही पोचलो की फिलोमिना बांधावरच वाट बघत उभी असायची. "तुमचा कोल्हाच नेतो. माझा दीर बोलतो, मटनात औषध घालून ठेव, एका दिवसात मोकळी होशील." मी तिला समजावलं, गावात भटकी कुत्री आहेत, त्यांतलंच एखादं असेल. ती ऐकून घ्यायची, पण मान हलवायची नाही.

तिसरी कोंबडी गेली त्या दिवशी आम्ही दुपारी पोचलो. फिलोमिना घरात होती. बांधावर उभं राहून आम्ही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्रण पाहिलं. पहाटेचा अंधुक उजेड, बांध, आणि उजवीकडून आला तो कोल्हाच. तोंडात तांबडी कोंबडी, पंख जमिनीवरून ओढले जाताहेत.

मी चित्रण तिथंच थांबवलं. दोन वर्षांचं काम होतं. त्याहीपेक्षा, ह्या कोल्ह्याला मी पिल्लू असल्यापासून ओळखत होते. त्याचा डावा कान फाटलेला होता.

"मावशी, हे दाखवायलाच हवं का?" मी म्हटलं. "दिसलं नाही म्हणू. तिला कळणारसुद्धा नाही. विष घातलं तर सगळे मरतील हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीटरनं दाखवलं ते सांगायचं," त्या म्हणाल्या. "आपल्याला हवा तो आकडा वाचायला लागलो, तर मग हा डबा कशाला बांधला आपण?"

कॅमेरा काढून, थरथरत्या दोन्ही हातांत धरून त्या फिलोमिनाच्या ओसरीवर गेल्या. मी मागोमाग. फिलोमिना तांदूळ निवडत होती.

"फिलोमिना, तू बरोबर होतीस," मावशी म्हणाल्या. "कोल्हाच आहे. बघ."

तिनं हात पुसून पाहिलं. एकदा, मग पुन्हा. "माझी तांबडी," एवढंच म्हणाली.

"औषध घातलंस तर कोल्हा मरेल. तुझा कुत्राही खाईल, घारी खातील. पण कोंबड्या तुझ्या, शेत तुझं. ठरव तू. फक्त एक सांगते. आतापर्यंत कोल्हा दिसला तो दर वेळी ऊन यायच्या आत. तू कोंबड्या कधी सोडतेस?"

"चर्चला जायच्या आधी. अंधारातच."

"ऊन आल्यावर सोडून बघ. आणि खुराड्याची जाळी आम्ही जमिनीत गाडून देतो. एक महिना दे मला. नाहीच जमलं, तर मी तुला अडवायला येणार नाही."

फिलोमिना बराच वेळ मावशींच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "बसा. जेवून जा."

पुढच्या रविवारी मी आणि फिलोमिनानं चर खणून जाळी पुरली. मावशी खुर्ची टाकून देखरेख करत होत्या आणि दर पाच मिनिटांनी "अजून खोल" म्हणत होत्या. महिना गेला, कोंबडी गेली नाही. एका चित्रणात फाटक्या कानाचा तो खुराड्याभोवती दोनदा फिरला, जाळीशी नाक लावून उभा राहिला आणि निघून गेला. मी आनंदानं ओरडले. मावशी पडद्यावरची ती रिकामी जागा पाहत राहिल्या. "उपाशीच गेला गं बिचारा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या फार वेळा गोराईला आल्या नाहीत. बोटीत चढताना पाय उचलेना. मी डबे त्यांच्या टेबलावर आणू लागले, मग त्यांच्या पलंगापाशी. शेवटी शेवटी बोलणंही अवघड झालं, तेव्हा मी सांधा नाकाजवळ नेऊन धरायची आणि त्या पापण्या मिटून, उघडून उत्तर द्यायच्या. मुलानं पुण्याला चला म्हणून फार आग्रह केला. त्या गेल्या नाहीत. थंडीच्या दिवसांत, दुपारी झोपेतच गेल्या. शेजारी मीच होते. मला वाटलं, डोळा लागलाय.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरात वंदना चालू होती. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाजूला मावशींचा, कार्यालयातला, तरुणपणीचा. दारात फिलोमिना आली. निरोप मीच दिला होता, पण ती खाडी ओलांडून येईल असं वाटलं नव्हतं. ती मागच्या रांगेत बसली. आधी तिनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला, मग आजूबाजूला पाहून हात जोडले आणि शेवटपर्यंत तसेच ठेवले.

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"बाय, तुला सांगते. त्या दिवशी पहाटे मी कोल्हा माझ्या डोळ्यांनी बघितलेला. खिडकीतून. तांबडीला घेऊन जाताना."

मी दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेले.

"मटन आनलेलं होतं. औषध पन. आतल्या खोलीत ठेवलेलं. मनात बोलले, येऊ दे दोघींना. कुत्रा होता बोलल्या, तर संध्याकाळीच घालते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आनि ती म्हातारी काय बोलते? तू बरोबर होतीस."

खालून कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं. फिलोमिनानं माझ्या गालाला हात लावला, शेवटची बोट चुकेल म्हणाली, आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेली.