दोन ताटांचा शेवट

अंतराळातून परत आलेला नवरा आपला नव्हेच, दुसराच कोणीतरी आहे, हे फक्त त्याच्या बायकोला कळतं, अशी ती कादंबरी. कॉलेजात असताना भंडाऱ्याच्या एका वाचनालयातून आणून मी तिचा मराठी अनुवाद वाचला. पण त्याआधीच, लहानपणी एकोडीला, तिच्यावरची हिंदी मालिका पाहिली होती. लग्न होऊन तुमसरला आले तेव्हा परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. आणि यंदा तिसरी आली.

पहिलीतलं यान पत्र्याचं होतं. दार लावलं की सगळं यान हलायचं आणि आम्ही बहीणभाऊ हसत सुटायचो. पण नवऱ्याचं काम करणारा नट पापणी लववायचा नाही, तेव्हा मात्र धाकटा भाऊ मला चिकटून बसायचा. दुसरीत भरपूर पैसा ओतलेला. तिच्यात नवऱ्याचे डोळे पहिल्याच भागापासून चमकतात. एवढं दिसत असून बायकोला कळत कसं नाही, म्हणून मला तिचाच राग यायचा.

शेवट मला पहिलीचाच आवडायचा. बायको स्वयंपाक करते आणि दोन ताटं वाढते. एक समोर बसलेल्याला, दुसरं जो आलाच नाही त्याला. समोरचा त्या रिकाम्या जागेकडे बघतो, हळूच सरकतो आणि त्याच्यासाठी जागा करून देतो. बस, एवढंच. कादंबरीत असं काही नाही. तिथे बायको अधिकाऱ्यांना बोलावते आणि ते त्याला घेऊन जातात. मालिकावाल्यांनी इथे लेखकावर मात केली, असं मी किती जणांना सांगितलं असेल!

यंदा थंडीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. काही दिवस टीव्ही बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काळा चष्मा लावून, भिंतीकडे तोंड करून ती दिवाणावर पडायची आणि मी दुपारची कामं आटोपून आवाज बारीक करून नवी मालिका बघायचे. ही चांगली होती. यान जवळजवळ नाहीच, सगळं घरातच घडतं. शेवटच्या भागात बायको ओट्यापाशी उभी होती. कोणी काही बोलत नव्हतं.

"आता दोन ताटं वाढन ते," आई भिंतीकडे बघतच म्हणाली.

तिने वाढली.

"आता सरकन तो."

तो सरकला.

मला आनंदच झाला. म्हणजे नव्या लोकांनी जुन्या मालिकेतूनच हा शेवट उचलला होता! दोन्ही शेजारी ठेवून बघावे म्हणून मोबाइलवर शोधलं, तर जुना शेवटचा भाग कोणीतरी टाकलेला सापडला. त्यात जीप येते, अधिकारी उतरतात, नवऱ्याला घेऊन जातात. थेट कादंबरीसारखं. ताटं नाहीतच. मी पुन्हा पाहिलं. मग हळूहळू आठवलं. त्या संध्याकाळी ऐन वेळेला लाइन गेली होती. आम्ही रडायला लागलो, तेव्हा पुढची गोष्ट कंदिलाच्या उजेडात आईने सांगितली होती.

मी दिवाणाशी जाऊन बसले.

"आई, त्या दिवशी लाइन गेल्ती ना?"

"गेल्ती ना."

"मंग ताटाचं तू मनानं सांगतलं काय?"

"मनानं कायले सांगू? पाहून सांगत होती."

"काय पाहून?"

"टीवी पाहून. चालूच होता तो." मग ती माझ्याकडे वळली. चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते. "तुमाले दिसून नव्हतं राहिलं काय?"

भाऊ आता कोंढ्याला असतो. मी परसात जाऊन त्याला फोन लावला. तो हसेल आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल, असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"बाई, मी कधी बोललो नाही तुले. कंदील आपल्या मांगं होता, भिंतीले टांगला होता. पण आईच्या तोंडावर समोरून उजेड पडून राहिला होता. हलून राहिला होता."

"तू टीवीकडे नाही पायलं?"

"डोये मिटून घेतले मी."

मग त्याने आईच्या औषधाचं विचारलं, मी त्याच्या धानाचं विचारलं, आणि फोन ठेवला.

आतून आईने चहासाठी हाक मारली. तोच आवाज, जन्मापासून ऐकलेला. "आली," म्हटलं आणि उठले. बैठकीतून गेलं तर स्वयंपाकघर दोन पावलांवर. पण तिथे टीव्ही होता, मीच बंद केलेला. मी परसातून वळसा घातला, बोळातून मागच्या दाराने आत शिरले आणि चहाचं आधण ठेवलं.