अजून एक अट

वहिनींनी माझ्या पुढ्यातली कणीक उचलली आणि ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली. वर ताट झाकलं. म्हणाल्या, "राहू दे आता. तू बाहेर बैस."

होळीचा दिवस होता. जयपुरात, बनी पार्कात सरांचं घर. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख, मूळचे पुण्याकडचे. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून त्यांनी मला पुरणपोळीला बोलावलं होतं. गेल्या गेल्या मीच ओढणी खोचली आणि लाटायला बसले. घरापासून लांब राहिलं की माणूस पुरणाच्या नुसत्या वासानेही पाघळतं. मीही पाघळले.

वहिनी, म्हणजे सरांची बायको, पुरण वाटता वाटता विचारत होत्या. आधी आडनाव. माझं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. त्यावरून त्यांना काही कळेना. मग जिल्हा. हिंगोली. मग गाव. मग गावात घर नेमकं कुठे, देवळाच्या जवळ की लांब. मग शेती किती. मग वडील काय करायचे. सगळं हसत हसत, आडून आडून. शेवटी म्हणाल्या, "कुलदैवत कोणतं गं तुमचं?" मी सांगितलं, आमच्याकडे कुलदैवत नाही, आम्ही विहारात जातो. वाटणारा हात थांबला. मग ती कणीक उचलली गेली.

बाहेर सगळ्यांना स्टीलची ताटं होती. मला कागदी प्लेट. तुला गोपालपुऱ्याला लांब जायचंय, उशीर नको, असं वहिनींचं म्हणणं. मला कसलीही घाई नव्हती. मी लाटलेल्या पोळ्या पंगतीत आल्याच नाहीत. त्या कामवाल्या बाईच्या डब्यात भरल्या जाताना मी पाहिल्या. सरांनीही पाहिलं. त्यांनी सगळं पाहिलं आणि तूप मागितलं.

तरी खाल्लं. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि ती पक्की करणारी सही सरांची होती.

माझं काम अटी लावायचं. कंपन्यांची माहिती आमच्याकडे येते, ओळीच्या ओळी. कुणी विचारतं, यात बायका किती. ते सोपं. मग म्हणतात, बायका, आणि तिशीच्या आतल्या, आणि गावाकडच्या, आणि एकदाच खरेदी करून परत न आलेल्या. या सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणाऱ्या ओळी तेवढ्या मोजायच्या. एक अट जरी चुकली तरी ओळ बाद. दर अटीला आकडा घटत जातो. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आलं की वहिनींनी हेच केलं होतं. नुसत्या आडनावाने मी सापडले नाही. जिल्ह्यानेही नाही. सगळं एकदम लावल्यावर सापडले. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

तोवर मला जयपुरात निर्धास्त वाटायचं. इथे मराठी आडनाव कुणाला वाचता येत नाही. मी राहते त्या पीजीच्या मालकाने पहिल्या दिवशी जात विचारली होती. मी म्हणाले, मराठी. तो म्हणाला, अच्छा, मराठा, आणि किल्ली हातात ठेवली. मी त्याला दुरुस्त केलं नाही. होळीनंतर मात्र जिन्यात त्याची चप्पल वाजली तरी मी दार आतून लावून घ्यायचे. सर कुणाकडे काही बोलले असतील का? बोलले तर खोली जाईल. सही होणार नाही. गावाकडे तोंड कसं दाखवू?

अशात ऑफिसचं दरवर्षीचं सर्वेक्षण आलं. ते मुख्य कार्यालयाकडून येतं. त्यात नाव लिहायचं नसतं. विभाग, स्त्री की पुरुष, राज्य, एवढंच. पुढे प्रश्न. त्यातला एक असा, की ऑफिसातल्या कुणी जातीवरून तुमचा अपमान केला आहे का. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग 'हो' दाबलं.

आणि जयपूरच्या उत्तरांचा अहवाल करायला आला तो माझ्याकडेच. फाईल उघडली आणि माझी ओळ दिसली. विभाग, स्त्री, महाराष्ट्र, हो. ऑफिसात महाराष्ट्रातली बाई मी एकटी. नाव लिहिलं नव्हतं खरं, पण गरजही नव्हती. मी तशीच फाईल मिटली. इतरांच्या ओळी वाचायचा धीर झाला नाही, आणि तशा वाचायच्याही नसतात.

आईला फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "काढून टाक ना माय तेवढी वळ. कोणाला कळायलंय? नौकरी पक्की होऊ दे आधी." तिची भीती माझ्याहून जुनी आहे. मी हो हो म्हणाले आणि फोन ठेवला. ओळ काढली नाही. यात धाडस बिडस काही नव्हतं. दुसऱ्या कुणाची ओळ मी कधी काढली नसती, मग माझीच का काढायची, हे मला पटेना.

शिवाय एक आधार होता. आमच्याकडे नियम आहे की अटी लावून पाचाहून कमी माणसं उरली तर आकडा झाकायचा. तिथे काळी चौकट येते. म्हणजे कुणी ओळखू येत नाही. मी त्या चौकटीच्या भरवशावर होते.

सोमवारी बैठक. आमच्यात पद्धत अशी की ज्याने अहवाल केला त्यानेच तो पडद्यावर उघडायचा, आणि समोरचा सांगेल त्या अटी तिथल्या तिथे लावून दाखवायच्या. माझ्या शेजारी निधी बसली होती. निधी इथलीच, जयपूरजवळच्या चाकसूची. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून. शीतला अष्टमीला तिने घरून बासोड्याचा डबा आणला होता, आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं थंड जेवण, आणि बळेच मला तिच्याच डब्यात जेवायला लावलं होतं. तिने मला कधी जात विचारली नाही. मीही तिला नाही.

सरांनी आधी ती काळी चौकट काढायला सांगितली. घरचीच बैठक आहे म्हणे. मी नियमाचं बोलले. ते हसले, म्हणून बाकीचेही हसले. मी घाबरले आणि चौकट काढली.

मग एकेक अट. जातीच्या प्रश्नाला हो म्हणणारे. नऊ. त्यात आमचा विभाग. पाच. त्यात बायका.

दोन.

मी पडद्याकडे बघतच राहिले. एक मी. मग दुसरी कोण? आमच्या विभागात बायका मोजक्याच. मी मान न वळवता नजर फिरवली. निधी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. पाणी पीत नव्हती. मला कळलं.

सर खुर्चीत मागे रेलले. "दो ही हैं? फिर ये कंपनी की प्रॉब्लम थोड़े है. ये तो दो लड़कियाँ हैं." कुणीतरी हसलं. मग ते म्हणाले, स्टेट लगाओ. राजस्थान.

माझी बोटं थांबली. महाराष्ट्र लावलं असतं तर मी उरले असते. विभागात राजस्थानची बाई निधी एकटी, राजस्थान लावलं तर ती उरणार होती. माझ्या हातून. एक अट, एक कळ, आणि एवढ्या सगळ्यांसमोर ती पडद्यावर. तिला कुणी काय म्हटलं होतं, कुठे, कधी, मला आजही माहीत नाही. एवढं दिसत होतं की तिचा चेहरा पांढराफटक पडला आहे.

सर पुढे वाकले आणि मराठीत बोलले. हळू, मायेनं. इतरांना वाटलं असेल, काम समजावून सांगताहेत.

"तुझं मला माहीत आहे गं. दुसरी कोण ते बघू. लाव."

जयपुरात आल्यापासून कुणी मराठीत बोललं की मला बरं वाटायचं. त्या क्षणी ती भाषा माझ्या मानगुटीवर ठेवलेल्या हातासारखी वाटली. सही डोळ्यांसमोर आली. आई आली. आणि सगळ्याच्या वर राग आला, असा की भीती तिथेच होती, पण तिला बाजूला सरकावं लागलं.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"नहीं लगाऊँगी, सर. इन दो में से एक मैं हूँ. दूसरी का पता मेरे हाथ से नहीं चलेगा."

पडद्याची वायर ओढून काढली. निधीने मान वर केली नाही.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या नोकरीचा कागद त्यांनी आधीच पुढ्यात काढून ठेवला होता. रागावले नाहीत. मी आपली मराठी पोर आहे, म्हणाले, रागाच्या भरात माणसाकडून काहीतरी होतं. माझ्याकडून चुकून 'हो' दाबलं गेलं एवढं दोन ओळीत लिहून द्यावं, ते लगेच सही करतील.

पेन त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी ते उचललं नाही.

"चुकून नाही दाबलं," मी म्हणाले. "होळीला तुम्ही तूप मागितलंत ना सर, तेव्हाच दाबलं."

ते कागद परत खणात ठेवायला लागले. मी उठले.

त्याला आता काही आठवडे झाले. सही झालेली नाही. माझ्या कच्च्या नोकरीची मुदत वाढवली आहे, कारण दिलेलं नाही. निधी दुसऱ्या टेबलावर जेवते. पहिल्यांदा तिचा राग आला. फार आला. मग वाटलं, माझ्याजवळ बसली तर लोक लगेच ओळखतील, दुसरी कोण ते. तिला तिथेच बसू दे. काळी चौकट मी परत लावली आणि मुख्य कार्यालयाला मेल लिहिला, की जयपुरात आकड्यांतून माणसं शोधली जात आहेत. खाली माझं नाव. उत्तर नाही. पीजीचा मालक परवा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता. कदाचित मलाच तसं वाटलं असेल. कदाचित नसेल.

भीती गेली म्हणणार नाही. पण राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते लिहून द्यावं. पुढच्या वर्षी सर्वेक्षण येईल. मी या खुर्चीत असले तर त्या प्रश्नाला पुन्हा हो म्हणेन. त्यात नाव विचारलेलं नसेल. मी लिहीन.