अनुमोदक

बायकांच्या राखीव जागेवरून पंचायतीत निवडून आले तेव्हा मी कोरेगावच्या बाजारातून नवी इरकल घेतली. सभा म्हणजे ती साडी दाखवायची जागा, एवढीच माझी अक्कल. पहिल्या ग्रामसभेत उभी राहिले आणि घाटावर बायकांच्या धुण्याच्या जागेला आडोसा बांधावा, असा ठराव मांडला. ग्रामसेवकांनी विचारलं, अनुमोदक कोण? सगळे गप्प. मी शहाणी, मान ताठ करून म्हणाले, "मीच." सभा खदाखदा हसली. तेवढ्यात मागे बसलेले आमचे हे उठले. नुकतेच फौजेतून घरी आले होते.

"माजं अनुमोदन हाय. लिवा."

घरी भाकरी मोडता मोडता त्यांनी सगळं समजावलं. ठराव मांडतो तो सूचक. त्याला 'व्हय, ह्यावर बोलूया' म्हणणारा दुसरा कुणी उभा राहतो, तो अनुमोदक. मग चर्चा, मग मतं. दुसरा मिळालाच नाही तर ठराव तिथंच पडतो, कितीही चांगला असो. पुरेशी माणसं आली नाहीत तर गणपूर्ती नाही, म्हणून सभा तहकूब. तहकूब म्हणजे मोडली नव्हे, पुढं ढकलली. आणि ती सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही.

माझी मुदत संपली तरी घरात हेच चालू राहिलं. नागपंचमीला शिराळ्याला जायचं, सूचक मी. हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, अनुमोदन. भांडण लांबलं की तेच 'तहकूब' म्हणून चहा मागायचे.

साताऱ्याच्या दवाखान्यात औषधावरून मी त्यांच्यामागे कटकट लावली होती. त्यांनी हात जरासा हलवला.

"तहकूब," म्हणाले.

चहा मात्र मागितला नाही.

तेरावं झालं आणि मुलगा म्हणाला, आता एकटी कशी राहशील, सांगलीला चल. वाईट नव्हतं त्याचं म्हणणं. सुनेनं माझ्यासाठी खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. मी म्हणाले, मी इथंच राहते. कुणी काही बोललं नाही.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, एकटी बसले असते तरी चाललं असतं. पण अनुमोदक लागतोच. मी ह्यांच्या खुर्चीकडं बघितलं. ती इरकलवाली येडी असती तर म्हणाली असती, मीच.

मी उठले आणि सांगलीला न्यायला कपाटातले माझे कपडे पिशवीत भरायला घेतले.