दुकानात चालला, घरी चालेना

“ताई, तुम्ही दिलेला स्क्रीन मेलाय,” वैशाली फोनवर म्हणाली. “आणि दोन वाजता माझी टेस्ट आहे.”

मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. दुकान अकोल्यात आहे, नगर जिल्ह्यातल्या. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझे निम्मे पार्ट आधी विदर्भातल्या अकोल्याला जाऊन येतात. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. थोडा मालही विकते. वैशालीचा स्क्रीन माझ्याच दुकानातून गेला होता, दसऱ्याच्या दोन दिवस आधी.

“मेलाय म्हणजे? लाइट लागतो का?”

“लागतो. ‘नो सिग्नल’ लिहून येतं आणि परत काळा होतो.”

“मग मेलेला नाही. त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाहीये.”

हा पोर्टेबल मॉनिटर. पाटीएवढा, पातळ. लॅपटॉपला एका केबलने जोडायचा. त्याला लागणारी वीज त्याच केबलमधून येते आणि चित्रही त्यातूनच. राजूरला लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मोठा मॉनिटर लाइट गेली की बंद. हा लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहतो. म्हणून मीच तिला तो सुचवला होता.

वैशाली राजूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. हॉस्पिटलची बिलं विम्याच्या नियमांशी ताडून बघायची. एका स्क्रीनवर बिल, दुसऱ्यावर फॉर्म. कंपनीने नवा नियम काढला होता. घरून काम करायचं असेल तर दोन स्क्रीन हवेत, आणि ते व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचे. ज्याला जमणार नाही त्याने पुढच्या सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं. तिचा नवरा भंडारदऱ्याला एका हॉटेलात मॅनेजर. सीझनमध्ये तो घरी दिसत नाही. मुलगी दुसरीत. घरी सासूबाई. पुण्याला जायचं म्हणजे मुलीला मागे ठेवून रूम घेऊन राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. स्क्रीन घेतानाच तिने मला हे सांगितलं होतं.

फोनवर करता येईल ते केलं. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबायला सांगितलं. त्याने लॅपटॉप दुसरा स्क्रीन शोधतो. त्याला तो सापडेना. रीस्टार्ट तिने आधीच तीनदा करून बघितला होता. केबल उलटी करून लावली. तरी काही नाही.

“दुकानात तर याच लॅपटॉपवर चालला होता. त्यानंतर काही केलंस का?”

“काहीच नाही ताई. दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत बॉक्ससुद्धा फोडला नव्हता, आणि जोडला तो आजच.”

“मी येते,” म्हटलं. माझा स्वतःचा लॅपटॉप, दोन केबली, ब्रश, भिंग आणि क्लीनरची बाटली पिशवीत टाकली आणि स्कूटी काढली.

राजूरच्या बाजारपेठेमागे त्यांचं घर. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“आल्या का म्याडम? बसा, चा ठिवते.”

“चहा नंतर, मावशी. आधी स्क्रीन.”

टेबलावर बघितलं तर स्क्रीनला पांढरी, बारीक केबल लावलेली. मी दिली होती ती काळी आणि जाड होती.

“काळी केबल कुठाय?”

“कपाटात,” वैशाली म्हणाली. “चांगली आहे म्हणून जपून ठेवली. ही मोबाईलची. टोक सेमच आहे ना?”

“म्याच म्हनलं ठिव म्हनून,” सासूबाई आतून म्हणाल्या. “नवी वस्तू काय लगीच वापरायला काढायची असती?”

टोक सेमच असतं, तिथेच लोक फसतात. मोबाईलच्या साध्या केबलमधून वीज जाते. चित्र जायला आत जास्तीच्या तारा लागतात, त्या तिच्यात नसतात. वैशालीला हे सांगितलं, कपाटातून काळी केबल काढायला लावली, आणि मनातल्या मनात मी चहाला बसलेसुद्धा.

काळी केबल लावली. नो सिग्नल.

मग एकेक बाजू धरून तपासायला घेतलं. तोच स्क्रीन आणि तीच केबल माझ्या लॅपटॉपला लावली. लगेच चित्र आलं. म्हणजे स्क्रीन चांगला, केबल चांगली. दोष वैशालीच्या लॅपटॉपमध्ये. त्याला तशा टोकाची दोन भोकं होती, म्हणजे पोर्ट. त्यातलं एक फक्त चार्जिंगचं आणि दुसऱ्यातून चित्रही जातं. केबल बरोबर पोर्टमध्येच होती.

राहिला ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्याच्या भागांशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम. तो बिघडला की नव्याने टाकायचा. पण लॅपटॉप कंपनीचा, पासवर्ड कंपनीकडे. वैशालीने तिच्या टीम लीडला, निखिलला, फोन लावून माझ्याकडे दिला.

“मॅडम, बाहेरच्या माणसाने त्यावर काही इन्स्टॉल करायचं नाही.”

“करत नाही. तुमचा आयटीवाला लांबून करेल का?”

“तिकीट टाकावं लागेल.”

“टाका. दोन वाजता टेस्ट तुम्हीच ठेवलीय.”

तिकीट म्हणजे तक्रार नोंदवणं. बऱ्याच वेळाने आयटीवाल्याने पुण्यातून लॅपटॉपचा ताबा घेतला आणि माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“कोन हलवतंय?”

“पुण्याचा माणूस आहे, आई.”

“त्याला म्हनावं नीट बघ. घाई करू नगं.”

त्याने नीटच बघितलं. ड्रायव्हर काढून परत टाकला. फरक पडला नाही. मग निखिलचा फोन आला.

“पोर्ट गेलंय म्हणतात. लॅपटॉप कुरिअर करा, बोर्ड बदलून देतील. वैशाली, तोपर्यंत तू ऑफिसला येत जा.”

“तोपर्यंत म्हणजे किती दिवस, सर?”

“बघू.”

वैशालीने फोन टेबलावर ठेवला आणि मुलीचा वाळत टाकलेला युनिफॉर्म काढून त्याच्या घड्या घालायला लागली.

मला ते पटत नव्हतं. पोर्ट तुटलं तर केबल त्यात हलते, किंवा वीजसुद्धा जात नाही. इथे केबल घट्ट बसत होती आणि स्क्रीनला वीज मिळत होती. फक्त चित्र जात नव्हतं. असं अर्धंच काम बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा आत काहीतरी अडकलेलं असतं. मीच निखिलला परत फोन लावला.

“लॅपटॉप उघडत नाही. बाहेरून पोर्ट साफ केलं तर चालेल?”

“स्क्रू काढायचा नाही.”

“एकही नाही.”

“मग तुमचं तुम्ही बघा, मॅडम. मी काही ऐकलेलं नाही.”

लॅपटॉप पूर्ण बंद केला. खिडकीपाशी नेला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि भिंगातून आत बघितलं. पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना चकचकीत पिनांच्या ओळी असतात. इथे ओळ दिसतच नव्हती. तांबूस, वाळलेला थर बसला होता.

“यावर काय सांडलं? आमटी? चहा?”

“ताई, मी पाण्याचा ग्लाससुद्धा त्याच्याजवळ ठेवत नाही.”

प्लॅस्टिकच्या काडीने थोडा थर खरवडून कागदावर घेतला. ओल्या बोटाने चोळला. बोट लाल झालं, कडेला पिवळं. त्यातच तांदळाची एक कणी निघाली.

“हे कुंकू आहे,” मी म्हटलं.

वैशालीने सासूबाईंकडे बघितलं. त्या जराही गडबडल्या नाहीत.

“मंग? दसऱ्याची पूजा म्याच केली.”

“पण मावशी, कुंकू इतक्या आत कसं गेलं?”

“गेलं न्हाई, लावलं. हिरीवरच्या मोटारीला आपन कुठं लावतो? इस्टार्टरलाच ना? जिथनं करंट जातो तिथं. शिलाईच्या मशीनला बी तसंच. वर झाकनावर लावनार हुते, पर म्हनलं कंपनीचा माल हाय, डाग पडंल. म्हनून कडंला, भोकापाशी लावलं. चांगलं कालवून, ओलं. कोरडं टिकत न्हाई.”

त्यांनी विचार करून, माल जपून पूजा केली होती. माझ्याही दुकानात खंडेनवमीला पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन पाटावर मांडतात आणि त्यांना हळदकुंकू लागतं. फरक एवढाच, की पकडीला आत जायला भोक नसतं. इथे ओलं कुंकू आत गेलं, केबल खुपसल्यावर अजून आत दाबलं गेलं आणि वाळलं. विजेसाठी एकापेक्षा जास्त पिना असतात, त्यातली एखादी उघडी राहिली तरी भागतं. चित्राच्या पिनांचं तसं नसतं.

“आई, मला सांगितलं का नाहीत?”

“तू आंगुळीला गेल्ती. आन् सांगायचं काय त्यात? दरसाल करतो.” मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज उतरला होता. “म्याडम, माझ्यापायी हिची नोकरी जाती का?”

“आत्ता मला काही विचारू नका, मावशी. टॉर्च धरा.”

त्यांनी टॉर्च धरला. दुसऱ्या हाताने बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढे केली.

“ह्यानं उकरा. लवकर निघंल.”

“लोखंड आत नको. जीभ तुटली तर मग खरंच बोर्ड बदलावा लागेल.”

प्लॅस्टिकची काडी ब्लेडने तासून आणखी पातळ केली. तिला सुती नसलेलं, धागे न सुटणारं कापड गुंडाळलं. क्लीनर म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, लगेच उडून जातं, मागे पाणी ठेवत नाही. एक थेंब लावायचा, थर मऊ होऊ द्यायचा, मग काडी एकाच दिशेने बाहेर ओढायची. जोर लावायचा नाही. हे काम करताना घड्याळाकडे बघायचं नाही. वैशाली माझ्या वतीने बघत होती.

“एक वाजला, ताई.”

“वाजू दे.”

सासूबाईंनी फुंकर मारायला तोंड पुढे आणलं, त्यांना थांबवलं. फुंकरीबरोबर ओलावा जातो.

वाळू दिलं, केबल लावली, लॅपटॉप चालू केला. स्क्रीनवर चित्र आलं आणि लगेच गेलं. नो सिग्नल.

“गेलं,” वैशाली म्हणाली.

“आलं होतं ना? म्हणजे पिना जिवंत आहेत. परत बंद कर.”

जिभेच्या खालच्या अंगाला थर राहिला होता. लॅपटॉप उलटा केला आणि परत तेच. थेंब, वाट बघणं, ओढणं. मधेच लाइट गेली. पंखा थांबला. कापडावर आधी लाल डाग येत होता, मग फिकट गुलाबी, मग काहीच येईना. भिंगातून बघितलं. दोन्ही अंगांच्या ओळी स्वच्छ दिसल्या.

दोनला दहा कमी असताना केबल लावली. चित्र आलं. मी केबल हलवून बघितली, काढून लावली, उलटी लावली. चित्र राहिलं. वैशालीने बिलाची खिडकी माउसने धरून लॅपटॉपवरून दुसऱ्या स्क्रीनवर सरकवली. मग परत इकडे. मग परत तिकडे.

“बस झालं. केस नीट कर, कॉलला बस,” मी म्हटलं.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. चहा उभ्यानेच घेतला. भिंतीपलीकडून वैशालीचा आवाज येत होता. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी.

“काय म्हनतोय तो?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“तो विचारतोय, ती सांगतेय.”

“लाइट न्हाई, हे इचारलं का त्यानं?”

“त्याला कळलंसुद्धा नाही. स्क्रीन चालूच आहे, नेट मोबाईलचं.”

थोड्या वेळाने वैशाली दारात आली. “झालं, आई. घरूनच चालू ठेव म्हणाले.”

सासूबाईंनी ओट्यावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसला. वैशालीने फोन माझ्याकडे दिला. निखिल होता.

“मॅडम, पोर्टला काय झालं होतं? तिकीट बंद करायला कारण लिहावं लागतं.”

“धूळ लिहा.”

वैशाली तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

निघताना सासूबाई पायरीपर्यंत आल्या. “पुढच्या साली कुठं लावू मंग? पूजा तर करनारच.”

“चार्जरच्या ठोकळ्याला लावा, पाठीवर. प्लग काढून. आणि कोरडं.”

त्यांनी विचार केला. “करंट तिथनंच येतो म्हना,” त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलं.

मी यातून धंद्यापुरतं एवढंच घेतलं. गिऱ्हाईक “काहीच केलं नाही” म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. दरवर्षीचं जे आहे ते कोणी ‘केलं’ म्हणून मोजतच नाही. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात अचानक बंद पडलेलं काहीही आलं, तर मी आधी टॉर्च घेते आणि सरळ विचारते, “याला कुंकू कुठे लावलं होतं?” लोक बोट ठेवून जागा दाखवतात.