सासऱ्याला घालायची कवळ

चाळीस वर्षं किर्गिझस्तानातल्या नारीनच्या इस्पितळात पोटं उघडली, शिवली; पण सर्जन अनारकान यांना लोक ओळखतात ते कवळ घालायला शिकवण्यामुळे. घशात घास अडकला की मागून दोन्ही हातांनी कवळ घालायची, बेंबीच्या वर मूठ रोवायची, आत आणि वर हिसका द्यायचा. मेजवानीत वडीलधारी माणसं मांसाचा मूठभर घास प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात कोंबतात तिथे हे यायलाच हवं, म्हणून निवृत्तीनंतरही त्या गावोगाव शिकवत हिंडल्या. आता गुडघे चालू देत नव्हते.

त्या दिवशी त्या शारशेनच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आल्या होत्या. शारशेनच्या घशात चरबीचा घास अडकला तेव्हा घरात सासरा आणि सून दोघंच. सून तुरसुनाय अनारकानकडेच शिकलेली. पण ज्या सासऱ्याचं नावही सुनेने घ्यायचं नाही, त्याला कवळ कशी घालणार? ती गडीमाणूस शोधायला धावली. परत येईतो सगळं संपलं होतं.

कुराण वाचून झालं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दाराशी तुरसुनायचा बाप लेकीला कायमची न्यायला येऊन बसला होता. शारशेनच्या बायकोने, सायराने, तसा निरोपच धाडला होता.

"डॉक्टरीणबाई, शिकलेलं काय माहेरी ठेवून आली होती ही?" सायराने विचारलं.

"चूक माझी आहे," अनारकान म्हणाल्या. "शिकवताना नेहमी नर्सला कवळ घालून दाखवली. सासऱ्याचं काय, ते कधी बोललेच नाही. माझे सासरे जाऊन तीस वर्षं झाली, अजून त्यांचं नाव माझ्या तोंडून निघत नाही."

"तुम्ही असतात, तर धरलं असतंत त्यांना?"

अनारकानमध्ये खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"इस्पितळात धरलं असतं. घरात... ठाऊक नाही गं."

सायरा हात टेकून उठली आणि सुनेकडे पाठ करून उभी राहिली.

"घाल कवळ. मलाही चरबीचे घास आवडतात."

तुरसुनायने मागून कवळ घालून पाहिली. "हात पुरत नाहीत, आपा," ती सासूला म्हणाली.

"मग काय मला मरू देणार? ओढ."

अनारकाननी बसल्या जागेवरून सांगितलं, मूठ दोन बोटं वर घे. मुलीने मूठ वर सरकवली आणि सासूच्या पाठीवर डोकं टेकून रडू लागली. सायराने तिला रडू दिलं.

"पुरे आता," ती थोड्या वेळाने म्हणाली. "बापाला चहा दे. एवढा रस्ता त्याला एकट्यालाच जायचाय."