वांग आजीला दोनदा पुकारलं

मंडळी, आज सकाळी मी चक्क चिनी बोललो! लय आनंद झालाय.

माझी लेक शांघायला राहते. तिच्या बाळंतपणात शेजारच्या वांग आजीनं तिला सख्ख्या आईसारखं सांभाळलं. आजीचे आभार मानायला मी चार महिने झाले चिनीचा ऑनलाइन क्लास करायलोय, पण बोलायची पाळी आली की कॅमेराच बंद करायचो.

आज व्हिडिओ कॉलवर अचानक आजीच समोर आली. बोट कॅमेरा बंद करायच्या बटणाकडं गेलं.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षातला जिंतूरचा बसस्टँड आठवला. एसटीतली नवी नोकरी, गाड्या पुकारायला हातात माइक, अन् आवाजच फुटेना. आमचे कंट्रोलर साहेब म्हणाले, "अरे, गाडी दोनदा कशासाठी पुकारतात? पहिल्यांदा आपली भीती जाती, दुसऱ्यांदा माणसाला गाडी मिळती."

मग मी पाठ केलेलं चिनी वाक्य पुकारलं, "आमच्या लेकीला सांभाळलंत, आभारी आहे." पहिल्यांदा अडखळलो. दुसऱ्यांदा थेट स्टँडवरच्या आवाजात म्हणालो.

आजीनं डोळे पुसले. सावकाश उत्तर दिलं आणि मला कळावं म्हणून तिनंही ते दोनदा सांगितलं.

साहेब आता नाहीत. त्यांचे आभार मी एकदाही मानले नव्हते. तुमचे कोणाचे आभार मानायचे राहिलेत?