लाल माळावरचे मनोरे
बुटांच्या शिवणीत अजून ती लाल धूळ आहे. जपानमधल्या ज्वालामुखीच्या त्या तांबड्या, ओसाड माळावर ‘फोटो स्पॉट’ची पाटी होती आणि खडकांवर दगडांचे छोटे मनोरे. वारा नाही, पाखरू नाही. "घर व्हावं म्हणून गडावर रचतात तसेच की," म्हणत पोटुशी वहिनीने दगडावर दगड ठेवला. "टोकियोत, आपल्या फुनाबोरीत घर होऊ दे. काढ रे फोटो." मागून आलेल्या जपानी आजींनी मला हळूच विचारलं, "यांचं मूल कधी गेलं?" ते मनोरे मेलेल्या मुलांसाठी होते. "काय म्हणतायत?" वहिनीने विचारलं. "घर होईल म्हणतायत." पाटीवर कॅमेऱ्याचं चित्र तेवढं मोठं, मुलांबद्दल एक अक्षर नाही; लाज वाटायला हवी लावणाऱ्यांना. पुतणी आता बालवाडीत जाते. खेळताना तिने दगडावर दगड ठेवला, की मी अजून वरचा काढून घेतो.